चौकट नंबर पाच: डेमॉन्स्ट्रेटर्स

गुरुलिंगनं दहाव्या बाईचं नाव लिहून टाक दौतीत बुडवला, मान वर केली, तर अकरावी त्याची बायको होती.

“नाव?” सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

“इसरला का?” उमाबाई म्हणाली.

पोलीस चौकीसमोर बसलेल्या तीस-पस्तीस बायका फिदीफिदी हसल्या. कुणाची तरी रिकामी घागर कलंडली आणि ठणठणत पायरीपर्यंत आली. गुरुलिंगनं खाली मान घालून लिहिलं: उमाबाई. पुढच्या रकान्यात नवऱ्याचं नाव हवं होतं. ते त्याला माहीत होतं, पण शेजारच्या खुर्चीवर ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, महेबूबसाहेब बसले होते. साहेबांचा नियम असा की, जबाब देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय मुहर्रिरानं कागदावर शाईचा ठिपका पाडायचा नाही. गुरुलिंग हा त्या ठाण्याचा मुहर्रिर, म्हणजे लिहिणारा कारकून.

“खाविंद का नाम बोलो, बीबी,” अमीनसाहेब म्हणाले.

सकाळपासून घोडं इथंच अडत होतं. बोरगुंडीतली एकही बाई नवऱ्याचं नाव नुसतं उच्चारत नव्हती. घ्यायचंच तर उखाण्यात. पहिल्या नंबरच्या गौराबाई सत्तरीच्या, दात चारच, पण त्यांनी पदर सारखा करून खणखणीत सुरुवात केली होती:

“परातीत पीठ तसंच, मळाया न्हाय पाणी,
शिवलिंगप्पांचं नाव घेते, ऐक सरकारा गाऱ्हाणी.”

अमीनसाहेबांना शायरीचा नाद होता. ते नकळत “वाह” म्हणाले, आणि मग “मुकर्रर” म्हणाले. मुकर्रर म्हणजे पुन्हा एकदा, हे कळल्यावर गौराबाईंनी पुन्हा एकदा म्हटला. दुसऱ्या बाईला वाटलं, आपला याच्यापेक्षा चांगला व्हायला हवा. फातिमाबींनी “हमारे मुन्नू के अब्बा” याच्यापुढं जायला साफ नकार दिला, तेव्हा गौराबाईंनी त्यांना तिथल्या तिथं एक उखाणा जुळवून दिला. अशा रीतीनं दहा नावांना दीड तास लागला होता.

उमाबाईनं आधी बापाच्या दुकानाच्या दिशेनं पाहिलं, मग टाकाच्या टोकाकडं.

“बारवेला टाळं लावलं, घागर ऱ्हायली रिती,
गुरुलिंगाचं नाव घेते, आता कचेरीची कसली भीती.”

“मुकर्रर,” अमीनसाहेब म्हणाले.

गुरुलिंगचे कान तापले. त्यानं रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. ते नेहमीपेक्षा बरंच मोठं आलं.

*

चौकट एक ते चार
(तारीख, ठाणे, ठिकाण, कारण)

तारीख, संस्थानी हिशेबानं, बारा खुर्दाद तेराशे एक्कावन्न फसली. गावाच्या हिशेबानं चैत्रातलं ऊन. ठाणे बोरगुंडी, परंड्याहून आठ कोस. ठिकाण, पोलीस चौकीसमोरचं मोकळं अंगण.

कारणाच्या चौकटीत गुरुलिंगनं सकाळी ‘वॉटर’ एवढंच लिहिलं होतं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

परवा पहाटे गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, आतल्या कमानीच्या दगडाला, कुणीतरी एक कागद चिकटवला. ‘जबाबदार राज्यपद्धती मिळालीच पाहिजे.’ असले कागद चिकटवायला बंदी होती. सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जप्त करायचा, अखंड, न फाटलेला, आणि कुलपात ठेवायचा. अमीनसाहेबांनी नखानं कोपरा उचलून पाहिला. ज्यानं चिकटवला त्यानं खळ मनापासून शिजवली होती. ओढला असता तर कागद फाटला असता आणि फाटलेला मुद्देमाल वर पाठवला तर वरून विचारणा झाली असती. साहेबांनी थोडा विचार केला. कागद भिंतीवरून निघत नाही, तेव्हा भिंतीसकट जप्त करणं आलं. भिंत बारवेची. त्यांनी बारवेच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं, लाख लावली, किल्ली शेरवानीच्या खिशात टाकली आणि वहीत लिहिलं: मुद्देमाल, बारव, नग एक.

गावातल्या बाकीच्या दोन विहिरी होळीलाच आटल्या होत्या. मळ्यातली विहीर कोसभर लांब. तिथून डोक्यावर येईल ते प्यायला पुरायचं. अंघोळी, धुणी, गुरं सगळं थांबलं. तिसऱ्या दिवशी बायकांनी रिकाम्या घागरी घेतल्या आणि चौकीसमोर येऊन बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. एकीनं तर वाती वळायला कापूस आणला होता.

आता गुरुलिंगचं दुखणं.

त्याची नोकरी हंगामी होती, मुस्तकिल म्हणजे कायम झालेली नव्हती. सासरे महालिंगप्पा, बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी, यांनी लग्नानंतर वर्षभरात हे हुडकून काढलं आणि लेकीला माहेरी नेऊन ठेवलं. “हुकूम दाखवा, मुस्तकिल झाल्याचा,” ते म्हणाले होते. “त्या दिवशी पोरगी पाठवतो. हंगामी माणसाच्या घरात कायमची पोरगी देत न्हाय आमी.” माहेर तीन गल्ल्या पलीकडं. त्यामुळं गेले सात महिने गुरुलिंग रोज सकाळी स्वतः घागर घेऊन बारवेवर जात होता. एकट्या माणसाला लागतं त्याच्या चौपट पाणी तो भरायचा. पायऱ्यांवर उमाबाई भेटायची. ती वर येताना आणि तो खाली जाताना, किंवा उलट. बारा पायऱ्यांचं बोलणं व्हायचं. कुलूप लागल्यापासून तेही बंद.

आणि आज संध्याकाळच्या मोटारीनं दोन कागद परंड्यावरून धाराशिवला जायचे होते. एक, हा फॉर्म. दुसरा, अमीनसाहेबांचं शिफारसपत्र: मुहर्रिर गुरुलिंग इंग्रजी उत्तम जाणतो, यास मुस्तकिल करावे. साहेब म्हणाले होते, फॉर्म बिनचूक झाला तर दोन्ही एकाच लखोट्यात जातील.

*

चौकट पाच

फॉर्म नवा होता. जिल्ह्याचे नवे पोलीस मोहतमिम, म्हणजे सगळ्या अमिनांचे वरचे साहेब, कुठूनसं शिक्षण घेऊन आले होते आणि त्यांनी सगळ्या ठाण्यांना इंग्रजीत छापलेले फॉर्म धाडले होते. पाचव्या चौकटीवर छापलं होतं: डेमॉन्स्ट्रेटर्स. खाली ओळी आखलेल्या. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय.

गुरुलिंगनं नोकरीला लागताना सांगितलं होतं की, आपण इंग्रजी मुलखात, बार्शीला, मॅट्रिकपर्यंत शिकलो. शिकला तो बार्शीलाच होता, पण चौथीपर्यंत. मॅट्रिकचं वर्णन त्यानं दुसऱ्याकडून ऐकलं होतं. मात्र बार्शीच्या बाजारातून आणलेला एक शब्दकोश त्याच्याकडं होता. एस पासून पुढं वाळवीनं खाल्लेला. डी शाबूत होता. सकाळी त्यानं कोश चौकीत आणून टेबलावर ठेवला, बोट ठेवून वाचलं आणि साहेबांना उलगडून सांगितलं.

“साहेब, एकाद्या गोष्टीबद्दल जे मनात हाय ते चारचौघांत उघड दाखवत्यात, ती माणसं.”

“बस?” अमीनसाहेब म्हणाले. “हाथ में लाठी नको?”

“लाठी दिली न्हाय, साहेब.”

“पत्थर?”

“पत्थर बी न्हाय.”

“नारा तरी?”

गुरुलिंगनं पुन्हा बोट फिरवलं. “दाखवणं एवढंच हाय.”

अमीनसाहेब पंचवीस वर्षं नोकरीत होते आणि छापलेल्या अक्षराला त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. “ठीक है,” ते म्हणाले. “किताब बोलती तो वैसाच. पर देख, जो बैठेगा उसमें, उसको छोडना नक्को. और जो नहीं बैठता, उसको डालना नक्को. खुदा को मुंह दिखाना है.”

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत तीन सूचना होत्या. संख्या सूर्यास्ताची धरावी. पन्नासच्या वर गेल्यास परंड्याहून जादा शिपाई येतील आणि ठाण्याच्या अमिनानं जातीनं येऊन जाब द्यावा. आणि पाच प्रतिष्ठित पंचांच्या सह्या घ्याव्यात, मात्र पंच पाचव्या चौकटीतले नसावेत.

दुपारी बारापर्यंत चौतीस बायका लिहून झाल्या. चौतीस उखाणे झाले. साहेबांनी त्यातले सहा वेगळ्या वहीत उतरवून घ्यायला लावले. पन्नासला अजून सोळा शिल्लक होते आणि फक्त पाच सह्या घ्यायच्या होत्या.

*

चौकट सहा: पंच

पहिले आण्णासाहेब आले. गावचे जुने शाळामास्तर, छत्री घेऊन. खुर्चीवर बसले, चष्मा लावला.

“आण्णासाहेब, जो दिखता वो बोलो और दस्तखत करो,” अमीनसाहेब म्हणाले.

“दिसतंय की. बायका बसल्यात.”

“लिख, गुरुलिंग.”

“बरोबर बसल्यात.”

“क्या?”

“बरोबर बसल्यात म्हणलं. दोन दिस झालं, आमच्यात जेवून हात धोतराला पुसायलेत. म्या असतो तर कालच बसलो असतो.”

गुरुलिंगचा टाक थांबला. त्यानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी कोशाकडं पाहिलं.

“साहेब, मनातलं हाय. चारचौघांत हाय.”

अमीनसाहेबांनी डोळे मिटले. “पाच में डाल.”

“पाच म्हंजी कशात?” आण्णासाहेबांनी विचारलं.

“डेमॉन्स्ट्रेटर्स. इंग्रजी हाय, गुर्जी.”

“आमचं नाव इंग्रजीत जाणार? कुठवर?”

“धाराशिवपर्यंत तरी.”

आण्णासाहेबांनी छत्री मिटली, अंगणात गेले आणि बायकांच्या डाव्या हाताला, चार हात सोडून, पुरुषांची रांग सुरू केली. मास्तरांचे जुने विद्यार्थी गावभर होते. गुर्जी एकटे उन्हात बसलेत हे पाहून एकेक येत गेला. विचारलं की सांगायचा, “पाण्यासाठी बसलोय,” आणि गुरुलिंगला लिहावं लागायचं. गुर्जी सोडून असे नऊ झाले.

अमीनसाहेबांनी आता धोरण बदललं. पंचानं तोंड उघडायचंच नाही. लिंबाजी पाटील आले, त्यांना दारातच बजावलं. लिंबाजी हुशार माणूस, ओठ घट्ट मिटून आत आले. सही येत नव्हती म्हणून अंगठा पुढं केला. गुरुलिंगनं अंगठ्याला शाई लावली. लिंबाजीनं कागदाकडं जाता जाता शाई मनगटापर्यंत ओघळलेली पाहिली आणि शिपायाला म्हणाले, “जरा पाणी दे रं.”

अंगणात असा हशा उठला की कावळे उडाले.

“साहेब, पाण्याची मागणी केली,” गुरुलिंग हळूच म्हणाला.

“अरे अंगूठा धोने को मांगा.”

“कशासाठी मागावं ते कोशात विचारलेलं न्हाय.”

लिंबाजी पाच नंबरात गेले. तिसरे बाबामियाँ, ठाण्याला पाणी घालणारे पखालवाले. ते खांद्यावर रिकामी पखाल घेऊनच आले, कारण तिच्याशिवाय कुठं जायची त्यांना सवय नव्हती. पखाल चिपाडासारखी वाळली होती. अमीनसाहेबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि काही न विचारता पाचकडं बोट केलं. चौथा बंडप्पा तेली. त्याला बोलावणं गेलं, तर त्यानं निरोप धाडला: घाण्याचा बैल तहानलेला आहे, मी निघू शकत नाही, माझं नाव आधीच घाला म्हणजे येरझार वाचेल.

“निरोप धरायचा का, साहेब?”

“चारचौघांत दिया?”

“शिपायानं बाजारातून वरडत आणला.”

“डाल.”

सत्तेचाळीस झाले. अमीनसाहेबांनी शेरवानीचं वरचं बटण सोडलं आणि अर्थाशी सौदा करून पाहिला. “सुन. बैठे हुए वो डेमॉन्स्ट्रेटर्स. खडे हुए सो नहीं. खडा आदमी तो रस्ते से जाता जाता भी खडा रहता.” हे पटण्यासारखं होतं. शिपायानं अंगणात जाऊन सांगितलं की, सरकारचा हुकूम, सगळ्यांनी उभं राहावं.

गौराबाई अर्ध्या उठल्या होत्या. “आन् उभं ऱ्हायलं तर काय व्हतंय?”

“नावं निघतील.”

“बसा गं बायांनो,” गौराबाई म्हणाल्या. “सकाळपासून एवढं नाव घेतलंय म्या त्यांचं. ते इंग्रजीत गेल्याबिगर उठत न्हाय.”

ज्या उभ्या होत्या त्याही बसल्या.

राहता राहिले महालिंगप्पा. सबंध आयुष्यात सरकारविरुद्ध अक्षर काढलं नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो खराही होता. फक्त एक अडचण होती. अंघोळ झाल्याशिवाय ते इष्टलिंगाची पूजा करत नसत आणि पूजा झाल्याशिवाय घास घेत नसत. मळ्यातून यायच्या पाण्यात अंघोळ बसत नव्हती. आप्पा दोन दिवस उपाशी होते. ते भिंतीला धरून आले.

आल्या आल्या लेक दिसली.

“तू हितं काय करायलीस?”

“बसलेय, आप्पा.”

“घरी चल.”

“घरी काय हाय? तुमी जेवंना, म्हणून आई जेवंना. आईच म्हणली, तू बी जा, घागर मोठी ने.”

महालिंगप्पांनी जावयाकडं तिरपा डोळा टाकला, जसं काही बारवेला कुलूप यानंच लावलं होतं. मग ताठ बसले. “कुठं सही करू, साहेब? आमाला काय बी बोलायचं न्हाय.”

टाक हातात घेतला. सगळं अंगण गप्प झालं. आणि त्या शांततेत महालिंगप्पांचं पोट बोललं. साधं गुरगुरणं नव्हे. दोन दिवसांचं साठलेलं, खालून वर येत गेलेलं, शेवटी बारीक प्रश्न विचारून थांबलेलं.

गुरुलिंग साहेबांकडं वळला.

“साहेब,” गुरुलिंग म्हणाला, “पोटाचं धरायचं का?”

“सबने सुना?”

“म्या ऐकलं,” गौराबाई अंगणातून म्हणाल्या. “आन् मला तर कमी ऐकू येतं.”

महालिंगप्पा अठ्ठेचाळिसावे. ते उठून पुरुषांच्या रांगेत गेले, पण बसताना सगळ्यांकडं पाठ करून बसले.

*

मागील बाजू
(पुढच्या बाजूला जागा पुरली नाही)

ऊन कलायला लागलं होतं. पंचाची एकही सही नव्हती. बोरगुंडीत प्रतिष्ठित म्हणावं असं माणूस आता चौकटीबाहेर उरलं नव्हतं आणि कमी प्रतिष्ठितांना बोलवावं तर ते बोलावण्याआधीच बोलत होते.

“तू कर,” अमीनसाहेब म्हणाले.

“म्या?”

“तू पढा-लिखा. तू कुछ बोला नहीं अब तक. एक तो दस्तखत होने दे. बाकी का देखेंगे. और वो शिफारस,” त्यांनी खिशावर हात ठेवला, “इधरच है.”

गुरुलिंगनं सहा नंबरच्या चौकटीवर टाक टेकवला. नाव लिहायला सात अक्षरंही लागत नव्हती. मग लखोटा, मोटार, धाराशिव, मुस्तकिल, उमाबाई. सगळं एका ओळीत होतं.

“आवं,” अंगणातून उमाबाई म्हणाली.

नवऱ्याचं नाव घेत नाही ती बाई ‘आवं’ म्हणते. अंगणात बारा-तेरा नवरे होते, पण कुणाला हाक आहे यात कुणालाच शंका नव्हती.

“काय?”

“सही करा. आमचं काय म्हणणं न्हाय. फकस्त एवढं सांगून करा, तुमाला काय वाटतं. सकाळपासनं सगळ्यांना इचारताव. तुमाला कुणी इचारलंच न्हाय.”

गुरुलिंगनं सासऱ्यांच्या पाठीकडं पाहिलं. पाठ ऐकत होती. खोटं बोलायला हरकत नव्हती, मॅट्रिकच्या बाबतीत तो एकदा बोललाच होता. पण तेव्हा समोर सरकार होतं. आता समोर उमाबाई होती.

“कुलूप काढावं,” तो म्हणाला.

“पाण्यासाठी?” उमाबाईनं विचारलं.

“पाणी पुरतंय मला. एक तांब्या लागतो.” त्याचा आवाज उतरला. “पायऱ्यांवर तू दिसत न्हाईस. दोन दिस झालं, करमंना.”

हे तो इतक्या हळू बोलला की पहिल्या ओळीपलीकडं गेलं नसतं. पण पहिल्या ओळीत गौराबाई होत्या. “करमंना म्हणतोय,” त्यांनी मागं वळून सांगितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. पुरुषांच्या रांगेत बातमी पोचली तेव्हा महालिंगप्पांचे कान पाठीमागूनसुद्धा लाल दिसले.

अमीनसाहेब खुर्चीतून उठलेच. “क्या किया रे तू? नौकर आदमी, सरकारी चौकी में बैठके?” मग त्यांचा आवाज बसला, कारण माणूस चांगला होता आणि अक्षर सुरेख होतं. “अब लिख. तेरीच किताब है.”

गुरुलिंगनं मागच्या बाजूला पहिल्या ओळीवर लिहिलं: एकोणपन्नास. गुरुलिंग. बापाचं नाव. वय चोवीस. वाळू टाकून शाई वाळवली. शिफारसपत्र साहेबांनी खिशातून काढून टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

तेवढ्यात अंगणात बायकांनी वाट केली. बुरखा घेतलेली एक बाई आली, हातातला तांब्याचा बदना, तोटीचा लोटा, खाली ठेवला आणि गौराबाईंच्या शेजारी बसली.

“किसकी बीबी?” अमीनसाहेब म्हणाले. “नाम बोलो, खाविंद का नाम बोलो.”

“ताहेराबी. खाविंद का नाम हम नहीं लेते,” बुरख्यातून आवाज आला. “खाविंद को मालूम है.”

अमीनसाहेबांचा चेहरा पाहून गुरुलिंगला विचारावं लागलं नाही. त्यानं लिहिलं: पन्नास. ताहेराबी. नवऱ्याच्या नावाचा रकाना तेवढा उघडा ठेवला.

“तुमकू क्या तकलीफ है?” साहेब खालच्या आवाजात म्हणाले. “घर में मटका भरके रखा था.”

“वो तुमने कल नमाज के वजू को लिया. आज जुमे का दिन, नहाने को पानी नहीं, वजू को नहीं, और अभी तुम घर आके चाय मांगोगे. किस में बनाऊं? लाख में?”

“आन् साहेबाला बी इचारा की,” उमाबाई म्हणाली. “सकाळपासनं तोंडात थेंब न्हाय त्यांच्या.”

अमीनसाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. पन्नास माणसं त्यांच्याकडं पाहत होती. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं.

“प्यास तो है,” ते म्हणाले. “प्यास तो मेरेकू भी लगी. कुलूप की क्या खुशी है मेरेकू? कागज निकलता नहीं, तो मैं क्या करूं?”

म्हणाले आणि थांबले. मागं टाक दौतीच्या काठाला निथळल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. गुरुलिंग पन्नासच्या खालची ओळ बोटानं नीट धरून बसला होता. चेहरा अतिशय अदबीचा.

“साहेब,” तो म्हणाला, “वालिदांचं नाव?”

एकावन्नावा नंबर. पन्नासच्या वर. परंड्याहून शिपाई, आणि मोहतमिमसाहेबांपुढं जाब द्यायला जातीनं अमीन, जो स्वतः यादीत. अमीनसाहेबांनी सूर्याकडं पाहिलं. लिंबाच्या शेंड्यावर हातभर दिवस होता. गुरुलिंगनं सकाळी वाचून दाखवलेल्या त्या बारीक अक्षरांवर त्यांनी बोट फिरवलं: संख्या सूर्यास्ताची धरावी. मग शेरवानीच्या खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

“सूरज डूबने को टाइम है,” ते म्हणाले. “तब कौन रहता, उतनाच लिखेंगे.”

बारवेवर पहिली घागर गौराबाईंनी भरली. अमीनसाहेब कमानीखाली उभे राहून म्हणाले, कागदाला हात लावू नका, तो मुद्देमाल आहे. गौराबाईंनी हात लावला नाही. ओंजळभर पाणी मारलं. खळ भिजली, कागदानं कोपरा सोडला आणि अखंड, न फाटता, साहेबांच्या हातात आला. दोन दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, पण तो सोडवायला पाणी लागत होतं आणि पाणी त्याच्याबरोबर जप्त होतं.

अंगण ओस पडलं. महालिंगप्पा बारवेवरच अंघोळ करून, ओल्या धोतरानं पूजेला घरी निघाले. वाटेत लेक दिसली. भरल्या घागरीनिशी ती दुसऱ्याच गल्लीला वळत होती.

“घर इकडं हाय,” ते म्हणाले.

“तुमचं इकडं हाय, आप्पा.”

“हुकूम आला न्हाय अजून.”

“गावात एवढं सगळ्यांदेखत बोलले ते. आता म्या तुमच्यात ऱ्हायले तर लोक तुमालाच हसतील.”

महालिंगप्पांनी विचार केला. पोटानं त्यांच्या वतीनं पुन्हा एकदा सुरुवात केली, तेव्हा विचार अर्धा सोडून ते घराकडं लागले.

चौकीत अमीनसाहेब एकटे फॉर्मपुढं बसले होते. लिहिणारा घागर उचलायला गेला होता. सूर्य बुडाला, मोटारीचा भोंगा ऐकू आला. गुरुलिंगनं लिहिलेला फॉर्म साहेबांनी उलटसुलट पाहिला, तो घडी करून उखाण्यांच्या वहीत ठेवला, नवा कोरा फॉर्म घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पाचव्या चौकटीत, उजवीकडून डावीकडं, त्यांनी सुबक उर्दूत एकच शब्द लिहिला: खैरियत. लोकच नव्हते, तेव्हा पंचांची गरज उरली नव्हती.

*

पुरवणी

त्या महिन्यात जिल्ह्यातल्या ठाण्यांमधून जे फॉर्म धाराशिवला पोचले, ते मोहतमिमसाहेबांनी स्वतः वाचले. पाचव्या चौकटीत एका ठाण्यानं लिहिलं होतं: ‘दोन, पैकी एक नादुरुस्त.’ दुसऱ्यानं: ‘मागणी केली आहे, अद्याप पुरवठा नाही.’ तिसऱ्यानं आठवडी बाजारातल्या बैलांची संख्या दिली होती, रंगासह. मोहतमिमसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि मग बोरगुंडीचा फॉर्म उघडला. त्यांनी शेरा मारला: हा शब्द समजणारं एकच ठाणं दिसतं; तिथला मुहर्रिर इंग्रजी जाणत असणार; त्यास, शिफारशीची वाट न पाहता, मुस्तकिल करावे.

हुकूम आला तेव्हा दोन महिने उलटले होते. बातमी कळताच महालिंगप्पा पगडी घालून गुरुलिंगच्या खोलीवर आले. घोंगडीवर बसले. हुकूम दोनदा वाचला, शिक्का बोटानं चाचपला, उलटून मागची बाजूही पाहिली. मग कागद जावयाच्या हातात परत देत सावकाश म्हणाले, “ठीक. आता पोरगी पाठवायला आमची हरकत न्हाय.”

“बरं, मामा,” गुरुलिंग म्हणाला.

“च्या घेऊन जावा, आप्पा,” आतून उमाबाई म्हणाली.